फरशी, पाणी आणि वीज

मागच्या उन्हाळ्यात गावाकडच्या आमच्या घराच्या पडवीला आणि ओट्याला नवी फरशी घालायचे ठरले. फरशीवाले मिस्त्री आले, त्यांच्याबरोबर एक बिगारी आला. दुसऱ्या दिवशी बिगाऱ्याने दांडी मारली, तेव्हा मिस्त्रींनी मलाच हाताशी घेतले. काम सोपे होते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलेले. मिस्त्रींनी कडाप्प्यावर कटर चालवायचा आणि ब्लेड दगडात शिरते तिथे मी बाटली दाबून पाण्याची धार धरायची. वायर स्वयंपाकघरातल्या प्लगातून निघून खिडकीबाहेर पडली होती, दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि अंगणातल्या चिखलातून ओट्यापर्यंत आली होती. प्लगात पिन नव्हतीच. वायरीची उघडी टोके भोकांत घालून वर काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या.

अर्ध्या तासाने माझा ओला हात कटरच्या लोखंडी पट्टीला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बाटली टाकून मी मागे सरलो. मिस्त्री हसले. म्हणाले, "सर, एवढं तर येतंच. पाण्याचं काम आहे हे."

मी इतिहास शिकविणारा माणूस. विजेचे शास्त्र ही माझी वाट नव्हे. पण ते उत्तर काही केल्या मनातून जाईना. पाण्याचे काम आहे हे खरे, पण पाणी मुळात हवे कशाला? आणि पाणी नि वीज एका हातात देणाऱ्या माणसांनी त्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा काही विचार केला होता की नाही? हे प्रश्न इतिहासाचे आहेत, आणि मी चार पुस्तके उघडली तेव्हा असे दिसले की त्यांची उत्तरे मिळायला फार माणसे मेली आहेत. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

दगड, करवत आणि पाणी यांची सोयरीक फार जुनी आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. तो लिहितो की संगमरवर लोखंडाने कापला जातो असे आपल्याला वाटते, पण खरे काम वाळू करते. करवत फक्त वाळूला दगडावर दाबून धरते. तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे तिसऱ्या शतकातील एका गिरणीमालकाची दगडी शवपेटी सापडली आहे. तिच्यावर कोरलेल्या चित्रात पाणचक्कीच्या जोरावर दोन करवती दगड कापीत आहेत. म्हणजे पाणी त्या काळी करवतीचा बैल होते. पुढे ते करवतीला थंड ठेवणारे झाले, आणि ते कशामुळे, तर हिऱ्यामुळे.

आपल्या मिस्त्रींच्या कटरच्या ब्लेडला दात नसतात हे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या कडेला धातूत हिऱ्याचे बारीक कण रुतवलेले असतात. खाणीतल्या हिऱ्यांवर हा धंदा चालता तर गावोगावच्या फरशीवाल्यांना तो परवडला नसता. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये त्याची जाहीर वाच्यता झाली. (स्वीडनमधील आसेआ कंपनीने १९५३ सालीच हे साधले होते, पण ती मंडळी गप्प राहिली, इतिहासात गप्प राहणाऱ्याचे नाव मागे पडते.) त्यानंतर हिऱ्याची भुकटी कारखान्यातला माल झाली आणि पुढच्या काही दशकांत हिऱ्याचे ब्लेड हार्डवेअरच्या दुकानात टांगलेले दिसू लागले. हातातला चार इंची कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. एवढ्या घर्षणाने ब्लेड तापते, हिऱ्याला धरून ठेवणारा धातू मऊ पडतो, कण गळून जातात. म्हणून पाणी. ते ब्लेड थंड ठेवते आणि दगडाचा गाळ खाचेतून वाहून नेते.

पण पाण्याचे याहून मोठे काम वेगळेच आहे, आणि तिथे जरा थांबले पाहिजे.

कोरडा दगड कापताना जो पांढरा धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण धरतात, आणि हळूहळू माणसाचा श्वास कोंडतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर आजही औषध नाही.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १८८६ साली सोन्याची खाण लागली. तिथला सोन्याचा दगड गारेसारखा कठीण. त्याला भोके पाडण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि ती चालवायला इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून तरबेज खाणकामगार आले. १८९९ साली बोअर युद्ध पेटले, खाणी बंद पडल्या, माणसे घरोघर पांगली. १९०२ साली युद्ध संपल्यावर खाणी पुन्हा सुरू करायच्या म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी जुन्या माणसांचा शोध घेतला. ही यंत्रे चालविणारे सुमारे चौदाशे लोक युद्धापूर्वी कामावर होते. त्यांतले दोनशेंहून अधिक मधल्या दोन-अडीच वर्षांत मेले होते, आणि ते लढाईत मेले नव्हते. धुळीने मेले होते. चौकशी समिती बसली, कायदे झाले आणि हळूहळू खाणीत पाणी आले. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनरने पोकळ पहारीतून पाणी सोडणारे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच काढलेले होते. उपाय माहीत होता, फक्त खर्च करायचा होता.

तो खर्च न केल्यास काय होते हे वेस्ट व्हर्जिनियात गॉली ब्रिजजवळ दिसले. १९३० आणि १९३१ साली तिथे हॉक्स नेस्टला डोंगरातून नदीचे पाणी नेण्यासाठी बोगदा खणला गेला. त्यातला बराचसा दगड जवळजवळ शुद्ध सिलिका होता. काम लवकर व्हावे म्हणून भोके कोरडीच पाडली गेली. मजूर बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय. बोगद्यातून बाहेर पडताना ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे दिसत. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे ही हकीकत आली. पुढे १९८६ साली मार्टिन चर्नियाक या डॉक्टराने अभ्यास करून मृतांचा अंदाज ७६४ असा काढला. आणि हा बोगदा कशासाठी होता? वीजनिर्मितीसाठी.

शिक्षक बंधुभगिनींना जवळची वाटेल अशी एक गोष्ट मध्येच सांगतो. आपण ज्या पाटीवर अआइई गिरवली, तिच्यावरची दगडी पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौरकडून देशभर जात असे. विजेच्या छोट्या फिरत्या करवतीवर दगड कोरडाच कापून त्या कांड्या काढीत. तिथल्या कामगारांत सिलिकोसिस किती पसरला होता हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आले, आणि त्या कामगारांसाठी वेगळा कल्याण निधी उभारण्याची वेळ राज्य सरकारवर आली. आपण वर्गात पेन्सिलचा तुकडा पडला तर दुसरा मागत होतो. असो.

तेव्हा शॉक बसतो म्हणून पाणी बंद करा आणि कोरडेच कापा, असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका. पाणी राहिलेच पाहिजे. प्रश्न आहे तो विजेला कसे आवरायचे याचा.

विजेचा पहिला नोंदलेला बळी म्हणून ज्याचा उल्लेख होतो तोही, योगायोग पाहा, करवत चालविणाराच माणूस होता. १८७९ साली फ्रान्समधील लियाँ शहरात नाटकाच्या रंगमंचावर काम करणारा एक सुतार सुमारे २५० व्होल्टच्या प्रवाहाने गेला. २५० व्होल्ट म्हणजे आपल्या घरातल्या दाबाहून फारसा अधिक नव्हे. आपल्याकडे त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पण खेड्यात वीज पोहोचायला १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची वाट पाहावी लागली. आज त्याच्या जागी महावितरण आहे. कित्येक घरांत पहिला दिवा लागल्याची आठवण सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

हत्याराला वीज जोडण्याची कल्पनाही तशीच जुनी. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरायचे विजेचे छिद्रयंत्र बनविले. पुढे अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांनी पिस्तुलासारखी मूठ आणि खटका बसवलेल्या यंत्राचे पेटंट १९१७ साली मिळविले. ही सारी यंत्रे लोखंडी अंगाची. आत एखादी तार सुटून अंगाला टेकली की सगळे यंत्रच जिवंत व्हायचे. म्हणून तिसरी तार आली, अर्थिंगची. तिचे काम एवढेच की, यंत्राच्या अंगावर आलेल्या प्रवाहाला माणसाच्या हातातून जाण्यापेक्षा सोपी वाट करून द्यायची आणि तेवढ्यात फ्यूज उडावा. आपल्याकडच्या गोल पिनांच्या प्लगाची ठेवण ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकावरून आलेली आहे. त्यातली वरची पिन जाड आणि लांब का असते हे मुलांना जरूर विचारा. लांब असल्यामुळे ती सर्वांच्या आधी सॉकेटात शिरते आणि सर्वांच्या नंतर बाहेर पडते. म्हणजे वीज यायच्या आधी रखवालदार हजर, आणि वीज गेल्यावरच तो घरी जाणार. आमच्या खिडकीतल्या काड्यापेटीच्या काड्यांनी हा रखवालदार दारातच अडवला होता.

तुम्ही म्हणाल, फ्यूज आहे ना, एम.सी.बी. आहे ना! इथेच सर्वांची फसगत होते. माझीही झाली होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेचा प्रवाह किती वाढला म्हणजे माणसाला हातातली तार सोडवत नाही, हे त्यांनी स्वखुशीने पुढे आलेल्या लोकांवर मोजले. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया त्यांच्या प्रयोगात होत्या. पुरुषांची सरासरी भरली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात, मूठ मिटते, आणि माणूस तारेला चिकटतो असे आपण म्हणतो. वास्तविक वीज त्याला ओढत नाही, त्याचाच हात त्याचे ऐकत नाही. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊन क्षणभर छातीतून वाहत राहिला की हृदयाचा ताल बिघडून ते नुसते थरथरू लागण्याची भीती असते.

आता हिशेब करा. कोरड्या कातडीचा विरोध काही हजार ओहमपासून पुष्कळ वरपर्यंत असतो. हात ओले, पाय अनवाणी आणि चिखलात, म्हणजे तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट. २३० ला हजाराने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. आणि आपला फ्यूज असतो पाच अँपिअरचा, पाच हजार मिलिअँपिअरचा! माणूस मरून पडेपर्यंत त्या फ्यूजला आपल्या घरात काही घडले आहे याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज आणि एम.सी.बी. तारेचे रक्षण करतात, तार जळू नये म्हणून. माणसाची काळजी त्यांच्याकडे सोपविलेलीच नव्हती. मग वारंवार उडतो म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्याने तर तारेचाही राखणदार काढून टाकला.

थरथरणाऱ्या हृदयाचे पुढे काय करायचे, याचे उत्तरही विजेच्याच लोकांनी शोधले. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे मरत होती म्हणून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विल्यम कौवेनहोव्हेन या विद्युत अभियंत्याने या विषयाला हात घातला आणि आयुष्य त्यात घालविले. १९६० साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह दाखवून दिले की छाती न उघडता, बाहेरून तळहातांनी दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. आज जगभर शिकवतात ती छाती दाबण्याची पद्धत ती हीच. म्हणून कोणाला शॉक बसला तर आधी वीज बंद करा. ती करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा, त्या माणसाला हात लावू नका. मग श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने, भरभर दाबत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. मांत्रिक, कांदा, वाळूत पुरणे, यांत मिनिटे घालवू नका.

आता पुन्हा आफ्रिकेतल्या त्याच सोन्याच्या खाणींकडे चला. धुळीसाठी आणलेल्या पाण्याने त्या खाणी ओल्या झाल्या होत्या आणि त्या ओलीत विजेची यंत्रे चालत होती. म्हणजे आमच्या ओट्याचेच ते मोठे रूप. गळणारी वीज ओळखून बंद करणारी साधने तिथे होती, पण ती दहा-दहा अँपिअर गळेपर्यंत झोपलेली असत. हेन्री रुबिन नावाच्या तिथल्या अभियंत्याने १९५५ साली खाणींसाठी असे साधन काढले की ते २५० मिलिअँपिअरवर जागे होई. खाणीत ते टिकले. पण माणसाला वाचवायला २५० ही फार झाले हे त्याला ठाऊक होते. १९५६ च्या सुरुवातीला त्याने दुसरा नमुना तयार केला, तो २० मिलिअँपिअरपेक्षाही कमी गळतीवर वीज तोडी. त्याच सुमारास ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी अशा साधनावर काम केले. या गृहस्थांनी प्रवाहाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर करून पाहिले! १९६१ साली अमेरिकेत डॅल्झिएल यांनीही आपल्या आकड्यांच्या आधाराने सुमारे पाच मिलिअँपिअरवर सुटणारे साधन बनविले. तिथल्या विद्युत संहितेने ते १९६८ साली पोहण्याच्या तलावातील दिव्यांसाठी आणि १९७० च्या दशकात बांधकामाची जागा नि न्हाणीघर यांसाठी सक्तीचे केले. यादी पाहा. जिथे जिथे पाणी आहे, तिथे तिथे ते पोहोचले.

आपल्याकडे या साधनाला आर.सी.सी.बी. म्हणतात. जुने वायरमन ई.एल.सी.बी. म्हणतात. ते कसे चालते? सावकाराच्या वहीसारखे. फेजच्या तारेने जितकी वीज घरात आली, तितकीच न्यूट्रलच्या तारेने परत गेली पाहिजे. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जमा आणि खर्च सारखे असतील तोवर कडे शांत असते. फरक पडला, म्हणजे काही वीज तिसऱ्याच वाटेने, कदाचित तुमच्या हातापायांतून, जमिनीत चालली आहे. हा फरक ३० मिलिअँपिअरला पोहोचेपर्यंतच खटका पडतो आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात वीज तुटते. त्यासाठी अर्थिंग असलेच पाहिजे असेही नाही. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, कारण वहीत जमाखर्च बरोबर दिसतो. आणि तीसच्या खाली राहणारा झटका ते चालू देते. मला बसला तो बहुधा तसाच होता. झिणझिणी ही यंत्राने दिलेली वर्दी असते, तिची सवय करून घेऊ नये.

इतके सगळे शोधून ठेवलेले असताना माणूस मरतो कुठे? तर बहुतेक वेळा मधल्या वायरीत. ज्याला आपण एक्स्टेन्शन बोर्ड म्हणतो, त्याच्याकडे या साऱ्या इतिहासाचे फारसे लक्ष गेले नाही. यंत्र कंपनीत बनते, मीटरपेटी वायरमन लावतो, पण मधली वायर कोणीही जोडतो. दोन पदरी वायर घेतली की अर्थिंगची तार पहिल्याच फुटावर संपते. जोड दिला, चिकटपट्टी लावली आणि तो जोड चिखलात पडला की चिकटपट्टीच्या आत पाणी शिरते. वायर बारीक घेतली तर लांब अंतरावर दाब पडतो, कटर रडत चालतो आणि वायर तापते. गुंडाळीतली वायर तशीच गुंडाळलेली ठेवून चालवली तर उष्णता आतल्या आत कोंडते. कटर हजार-चौदाशे वॅट ओढतो. त्याला तीन पदरी, दीड चौरस मिलिमीटरची रबरी आवरणाची अखंड वायर हवी. अंतर फार असेल तर अडीचची.

एक खुबी फारशी कोणी सांगत नाही. पाणी वायरीच्या अंगावरून सरपटत जाते. कटर वर आणि प्लग खाली असेल तर तो ओघळ थेट प्लगात उतरतो. टेबलावरच्या मोठ्या पाण्याच्या करवतीला तर हा ओघळ हटकून येतो. म्हणून प्लगाजवळ वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाईल आणि वर चढणार नाही. बोर्ड जमिनीवर न ठेवता खिळ्याला किंवा खुर्चीवर टांगावा. आणि आर.सी.सी.बी. कटरजवळ नव्हे, घराच्या बाजूला, जिथून वायर निघते तिथे असावी. तिच्या पुढचे सगळे तिच्या पहाऱ्यात येते, मागचे येत नाही.

हल्लीच्या कटरांना दोनच पिना असतात हे पाहून काहींना वाटते की याला अर्थिंगच लागत नाही, म्हणजे हा सुरक्षित. त्याच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याचा अर्थ आत आवरणाचे दोन थर आहेत. कोरड्यात ते खरेच उपयोगी पडतात. पण बाटलीतली धार मोटरीच्या हवेच्या फटींत गेली आणि आत दगडाचा गाळ बसला की दोन्ही थर ओलांडून वीज बाहेरच्या लोखंडापर्यंत येते, आणि तिला जमिनीत नेणारी तिसरी तार तर नाहीच. तेव्हा धार ब्लेडवर धरायची, कटरवर नाही. हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नव्हते आणि मिस्त्रींनाही कोणी सांगितले नसावे. त्यांचे शिक्षण दुसऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली बाटली धरूनच झाले होते.

तालुक्याच्या गावी जाऊन मी तीन पदरी वायर आणली आणि वायरमनकडून एका पेटीत ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घेतली. मिस्त्रींना ते पसंत पडले नाही. "सर, खर्च कशाला?" म्हणाले. वायर पुरेना, म्हणून त्यांनी पुढे आपली जुनी वायर जोडली. पहिल्याच तासात खटका तीनदा पडला. ते वैतागले, "हे यंत्रच खराब आहे," म्हणून पेटी काढून टाकायला निघाले. मी त्यांना थांबवले आणि आम्ही दोघांनी जुनी वायर बोटांनी चाचपत नेली. अर्थात प्लग काढून. ओल्या पोत्याखाली चिकटपट्टीचा एक जोड सापडला. सोडला तर आत तांबे हिरवे पडलेले आणि बोटभर पाणी. त्याच्याच शेजारी, हातभर अंतरावर, मिस्त्री सकाळपासून अनवाणी उकिडवे बसले होते.

ते काही बोलले नाहीत. जोड कापून टाकला, बोर्ड खिडकीच्या गजाला टांगला आणि आत जाऊन माझी जुनी चप्पल मागितली. दुपारी बिगारी आला तेव्हा त्याला बाटली देताना ते म्हणाले, "धार पात्यावर धर. मशिनीवर नको." मग त्यांनी पेटीवरचे परीक्षेचे बटण एकदा दाबून पाहिले, खटका पडल्याचा आवाज ऐकला, पुन्हा वर केला आणि कामाला बसले.